लॉसन यांचं नाव हवं, तालीम नको

टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. तिथं २०२३ मध्ये एक नवं सरकारी हायस्कूल सुरू झालं आणि त्याला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यात अहिंसेची तालीम देणारे रेव्हरंड जेम्स लॉसन यांचं नाव दिलं गेलं. त्याच शहरातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आदल्याच वर्षी अहिंसक चळवळींच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाची संस्था निघाली होती. लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कामगार केंद्राच्या इमारतीवर त्यांचं नाव आहे. तिथल्याच ज्या चर्चमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं धर्मोपदेशकाचं काम केलं, त्याच्यासमोरच्या रस्त्याच्या एका मैलालाही जानेवारी २०२४ मध्ये त्यांचं नाव मिळालं. पुढच्याच जूनमध्ये, ९ तारखेला, वयाच्या ९५व्या वर्षी ते गेले.

माणसाला जिवंतपणी एवढा मान मिळाला याचा आनंद वाटतोच. पण हे सन्मान देणाऱ्यांचं वागणं जरा जवळून पाहिलं की ते खुपायला लागतं. लॉसन यांनी आयुष्यभर जे केलं ते करायला आज कुणी उभं राहिलं, तर त्याला विद्यापीठातून काढलं जातं, त्याच्यावर खटला भरला जातो आणि टेनेसीत त्याचा मताचा हक्कही जाऊ शकतो. नाव घ्यायचं आणि कामाची वाट बुजवायची, असा हा प्रकार आहे. तो मराठीत मांडायला एक सबळ कारण आहे. लॉसन यांची ऐन पंचविशीतली तीन वर्षं आपल्या नागपुरात गेली.

लॉसन यांचा जन्म १९२८चा. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आई मूळची जमैकाची. ओहायोतल्या मॅसिलन गावात लहानपणी एका गोऱ्या मुलानं त्यांना वंशवाचक शिवी दिली आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. घरी येऊन त्यांनी हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, जिमी, त्यानं काय भलं झालं? या प्रश्नानं आपल्या आयुष्याला वळण दिलं असं ते पुढं कायम सांगत. कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती चालू असताना विद्यार्थी म्हणून किंवा होऊ घातलेले धर्मोपदेशक म्हणून त्यांना सहज सूट मिळाली असती. ती त्यांनी मागितली नाही. भरतीच नाकारली आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ मध्ये चर्चच्या मिशनच्या कामासाठी ते नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवू लागले. गांधी त्यांनी अमेरिकेतच वाचले होते. ज्या देशात तो प्रयोग झाला तो देश त्यांना आतून पाहायचा होता.

डिसेंबर १९५५ मध्ये मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरात, 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. आपण ज्याची वाट पाहत होतो ते सुरू झालं, या आनंदात ते ओरडले, नाचले. ते मायदेशी परतल्यानंतर, फेब्रुवारी १९५७ मध्ये, ओबर्लिन कॉलेजात त्यांची आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची गाठ पडली. दोघंही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण पूर्ण करून दक्षिणेत येण्याचा विचार लॉसन यांनी बोलून दाखवला, तेव्हा थांबू नका, आत्ताच या, असा आग्रह किंग यांनी धरला. १९५८ मध्ये ते नॅशव्हिलला आले आणि व्हँडरबिल्टच्या धर्मशास्त्र विभागात नाव घालून एकीकडे चळवळीच्या कामाला लागले.

इथून पुढचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सन्मानाच्या भाषणांत नेमका तोच दोन वाक्यांत उरकला जातो.

क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात लॉसन यांनी वर्ग सुरू केले. १९५९च्या शरद ऋतूपासून दर मंगळवारी संध्याकाळी तिथं आसपासच्या कॉलेजांतली मुलं-मुली जमू लागली. डायेन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल ही पुढं गाजलेली नावं तेव्हा विशीच्या आगेमागे होती. सुरुवात वाचनानं आणि चर्चेनं व्हायची: येशू, गांधी, थोरो. नंतर प्रश्न निघाला, लढायचं कशासाठी? त्याचं उत्तर वर्गाला येणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांकडून आलं. गावातल्या मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, आम्ही तिथं कपडे घेतो, भांडी घेतो, पण दिवसभर फिरून पाय दुखले तरी तिथल्या खाण्याच्या काउंटरवर आम्हाला बसू देत नाहीत. लेकराला लघवीला लागली तर न्यायची सोय नाही. चळवळीचं पहिलं लक्ष्य असं ठरलं, बायकांनी अनुभवलेल्या अपमानातून.

मग तालीम सुरू झाली. खुर्च्या ओळीनं मांडून काउंटर तयार करायचा. काही जणांनी गिऱ्हाईक व्हायचं, काहींनी गोरे गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. मग भूमिका बदलायच्या. ज्यानं मार खाल्ला त्यानं आता शिव्या द्यायच्या, म्हणजे समोरच्याच्या मनात काय चालतं तेही अंगाला कळेल. पडल्यावर डोकं आणि पोट कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, एखाद्याला फारच मार बसत असेल तर बाकीच्यांनी मध्ये शिरून ते घाव आपल्या अंगांवर कसे वाटून घ्यायचे, हे सगळं पुन्हा पुन्हा घटवून घेतलं जाई. तालीम संपली की प्रत्येकाला विचारायचं, तुला राग कधी आला? त्या क्षणी तू काय केलंस? ज्याला हे झेपत नसेल त्यानं काउंटरवर बसायचं नाही. त्यानं पत्रकं वाटावीत, फोन सांभाळावेत, गाड्या चालवाव्यात. त्यात कमीपणा मानला जात नसे.

हे सगळं झालं ते पहिल्या सत्याग्रहाच्या कित्येक महिने आधी. नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये दोन दुकानांत नुसती चाचणी घेतली गेली. जायचं, बसायचं, नकार मिळाला की व्यवस्थापकाला कारण विचारायचं आणि शांतपणे उठून यायचं. १३ फेब्रुवारी १९६० रोजी १२४ विद्यार्थी चांगले कपडे करून, हातात अभ्यासाची पुस्तकं घेऊन नॅशव्हिलच्या काउंटरांवर बसले. २७ तारखेला त्यांच्यावर हल्ले झाले. पोलिसांनी हल्लेखोरांना सोडून ८१ विद्यार्थ्यांना पकडलं. एक तुकडी पोलिसांच्या गाडीत चढली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसत होती. न्यायालयानं दंड सुनावला तेव्हा तो भरण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करला. बाहेर त्यांच्या आयांनी, मावश्यांनी गावातल्या बाजारात पाऊल टाकणं बंद केलं आणि ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत दुकानदारांचे गल्ले कोरडे पडले.

त्या दिवसांतला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. एका विद्यार्थ्याला मारहाण होत असताना लॉसन मध्ये पडले, तेव्हा एक गोरा तरुण त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्यानं खिशातून रुमाल काढून दिला. लॉसन यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि त्याच्या अंगातलं मोटारसायकलवाल्यांचं जाकीट पाहून तुझ्याकडे कुठली गाडी आहे, असं विचारलं. दोघं गाड्यांविषयी बोलू लागले. तोवर मार खाणारा मुलगा उठून सावरला होता. हा प्रसंग साधुत्वाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात महिनोन्महिने केलेली तालीम दिसते. समोरच्याचा तोल कसा ढळवायचा आणि आपल्या माणसाला वेळ कसा मिळवून द्यायचा, हे त्या क्षणी नव्यानं सुचलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे नगरभवनावर चालून गेले. तिथं डायेन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारलं, रंगावरून माणसाला वेगळं काढणं तुम्हाला माणूस म्हणून योग्य वाटतं का? नाही, असं ते म्हणाले. १० मे १९६० रोजी सहा काउंटर सगळ्यांना खुले झाले.

या काळात व्हँडरबिल्ट विद्यापीठानं काय केलं? ३ मार्च १९६० रोजी लॉसन यांना काढून टाकलं. विद्यार्थ्यांना कायदा मोडायला शिकवतात, हा आक्षेप होता. विश्वस्तांमध्ये 'नॅशव्हिल बॅनर' या दैनिकाचे मालक होते आणि त्या दैनिकानं लॉसन यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. निषेध म्हणून धर्मशास्त्र विभागाच्या बऱ्याच प्राध्यापकांनी राजीनामे दिले. लॉसन यांनी उरलेलं शिक्षण बॉस्टनला जाऊन पूर्ण केलं. चार दशकांनंतर विद्यापीठानं चूक कबूल केली, त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावलं, त्यांची कागदपत्रं आपल्या ग्रंथालयात घेतली आणि शेवटी त्यांच्या नावाची संस्था काढली. हा पश्चात्ताप मला खोटा वाटत नाही. त्या विद्यापीठातल्या अनेकांनी त्यासाठी मनापासून खटपट केली असणार.

पण मार्च २०२४ मध्ये त्याच विद्यापीठाच्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांनी कुलपतींचं कार्यालय असलेल्या किर्कलँड हॉलमध्ये ठिय्या दिला. इस्रायलशी संबंधित कंपन्यांवर विद्यार्थी संघटनेनं बहिष्कार टाकावा की नाही, यावर विद्यार्थ्यांचं मतदान व्हायचं होतं. ते प्रशासनानं रद्द केलं म्हणून हा ठिय्या होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अटका झाल्या, वार्तांकनासाठी आलेल्या एका पत्रकारालाही पकडलं गेलं आणि पुढच्या महिन्यात तीन विद्यार्थ्यांना विद्यापीठातून कायमचं काढलं. लॉसन तेव्हा हयात होते. त्यांच्या नावाची संस्था त्याच आवारात होती.

विद्यापीठाची बाजूही सांगायला हवी. इमारतीत शिरताना काही विद्यार्थ्यांनी दारावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला ढकललं, असा प्रशासनाचा आरोप होता आणि त्यावरून गुन्हेही नोंदले गेले. मला हा आरोप हलका वाटत नाही. लॉसन यांच्या वर्गात बसलेल्या मुलानं दारावरच्या माणसाला धक्का दिला असता, तर लॉसन यांनी त्याला पुढच्या वेळी फोन सांभाळायला बसवलं असतं. बहिष्काराच्या मागणीवर तर दोन टोकांची मतं असणारच. पण मग विद्यापीठानं स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता. आपल्याकडे अहिंसक लढ्याच्या अभ्यासाची एक आख्खी संस्था आहे. जगातल्या सर्वोत्तम तालमीचा वारसा आपण सांगतो. आपल्या विद्यार्थ्यांना ती तालीम आपण दिली का? आणि ते चुकले तर शिकवण्याची ही संधी होती की हाकलण्याची? १९६० मध्येही विद्यापीठाकडे नियमाचं बोट होतंच. नियम मोडला हे तेव्हाही खरंच होतं. लॉसन यांची माफी मागताना त्या नियमाच्या बोटाचीच माफी मागितली होती, असा माझा समज होता.

राज्याची कथा याहून गंभीर आहे. २०२० च्या उन्हाळ्यात तरुणांनी नॅशव्हिलच्या राज्य विधानभवनासमोर जवळपास दोन महिने मुक्काम ठोकला. त्यांची एक मागणी होती, नेथन बेडफर्ड फॉरेस्ट याचा अर्धपुतळा विधानभवनातून हलवा. फॉरेस्ट हा गुलामगिरीच्या बाजूनं लढलेला सेनापती आणि कू क्लक्स क्लॅनचा पहिला प्रमुख. ऑगस्टमध्ये राज्यानं कायदा बदलला. सरकारी जागेवर असा रात्रीचा मुक्काम करणं हा आता गंभीर गुन्हा झाला, शिक्षा सहा वर्षांपर्यंत. टेनेसीत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याचा मतदानाचा हक्क जातो. पुढच्या वर्षी तो पुतळा खरोखरच संग्रहालयात हलवला गेला. म्हणजे मागणी रास्त होती हे राज्यानं मान्य केलं, मागणाऱ्यांसाठी केलेला कायदा मात्र तसाच राहिला. एप्रिल २०२३ मध्ये शाळेतल्या गोळीबारानंतर बंदूक नियंत्रणासाठी सभागृहातच घोषणा दिल्या म्हणून दोन तरुण कृष्णवर्णीय आमदारांना टेनेसीच्या प्रतिनिधिगृहानं बडतर्फ केलं. स्थानिक संस्थांनी त्यांना काही दिवसांत परत पाठवलं, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी त्याच शहरात लॉसन यांच्या नावाची शाळा उघडली.

शाळेला नाव देणं निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांची पोरं रोज ते नाव वाचतील आणि त्यांतलं एखादं विचारील, हे कोण होते? पण मग शिक्षकानं काय सांगायचं? ते फार सहनशील होते, त्यांनी शांततेचा संदेश दिला, एवढंच? तळघरातली ती तालीम कशासाठी होती, हे त्यानं सांगितलं आणि एखाद्या वर्गानं उद्या खुर्च्या मांडून ती करून पाहिली, तर शाळेचं व्यवस्थापन त्याच्या पाठीशी उभं राहील का? सन्मान खरा की तोंडदेखला, ते मी यावरून ठरवीन.

लॉसन यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट सोयीनं मागं पडते. ते कामगारांचे होते. १९६२ पासून ते मेंफिसमध्ये धर्मोपदेशक होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले आणि कचरा दाबणारं यंत्र अचानक चालू होऊन त्यात चिरडून मेले. पाऊस आला की कृष्णवर्णीय कामगारांना बिनपगारी घरी पाठवायचं आणि गोऱ्या मुकादमांना पगार द्यायचा, असा त्या शहराचा व्यवहार होता. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगारांनी काम थांबवलं. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या धर्मोपदेशकांच्या समितीची धुरा लॉसन यांनी घेतली. माणूस हा माणूसच नाही अशी समजूत वंशवादाच्या मुळाशी असते, असं ते त्या दिवसांत बोलले आणि कामगारांच्या गळ्यात फलक आले, 'मी माणूस आहे'. किंग यांना मेंफिसला बोलावलं तेही लॉसन यांनीच. ३ एप्रिलच्या रात्री, आपल्या शेवटच्या भाषणात, किंग यांनी लॉसन यांचं नाव घेऊन सांगितलं की हा माणूस लढ्यासाठी तुरुंगात गेला, लढ्यासाठी विद्यापीठातून हाकलला गेला आणि अजून लोकांसाठी लढतोच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोरेन मोटेलच्या सज्जात किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला महापालिकेनं कामगारांची संघटना मान्य केली, पगार वाढवला.

आपण बोलावलेला मित्र आपल्याच शहरात मारला गेला, हे ओझं घेऊन लॉसन पुढची छप्पन्न वर्षं जगले. त्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या जेम्स अर्ल रे याला ते तुरुंगात भेटत राहिले. १९७८ मध्ये तुरुंगातच त्याचं लग्न लागलं, ते लॉसन यांनी लावलं. रे याच्या अपराधाबद्दलच त्यांना शंका होती, हे खरं. तरी ज्याला सगळा देश खुनी म्हणतो त्याच्या शेजारी धर्मोपदेशक म्हणून उभं राहणं हे माझ्यासारख्याला पचवायला जड जातं. लॉसन यांचा सन्मान करायचा तर हेही सोबत घ्यावं लागेल.

लॉस एंजेलिसला गेल्यावर त्यांनी हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायका आणि रात्री कार्यालयं झाडणारे स्थलांतरित कामगार यांना तीच तालीम दिली. अमेरिकेतल्या अर्थव्यवस्थेला ते मळ्यांची भांडवलशाही म्हणत. गुलामांच्या मळ्यांत जो हिशोब होता तोच अजून चालू आहे, असं त्यांचं म्हणणं. ही भाषा पुरस्काराच्या मानपत्रांत बसत नाही. किंग यांचंही तेच झालं. १९६६च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं मत त्यांच्या विरोधात होतं. आज त्यांच्या जयंतीला सुट्टी असते आणि ते सगळ्यांनाच हवेहवेसे वाटतात, कारण त्यांच्या मागण्यांतला पैशाचा भाग वगळला गेला आहे.

आता एका आक्षेपाकडे यायला हवं. तो चळवळीच्या आतूनच आला आणि त्यात वजन आहे. मार द्यायचा कुणी तर बलवानानं, आणि मार खायची तालीम करायची पिचलेल्यानं, हा कुठला न्याय? १९६६ नंतर 'ब्लॅक पॉवर'ची हाक देणाऱ्या तरुणांनी हेच विचारलं. ज्या विद्यार्थी संघटनेचं उद्दिष्टपत्र १९६० मध्ये लॉसन यांनी लिहून दिलं होतं, तीच अहिंसेपासून दूर गेली. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तेव्हा तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून, नॅशव्हिलच्या मुलांवरून नव्हे. मी या संतापाला नावं ठेवणार नाही. पण लॉसन यांची तालीम म्हणजे मार खाण्याची तालीम, हे मला पटत नाही. तिचा शेवट मार खाण्यात होत नव्हता. दुकानदाराचा गल्ला, महापौराची खुर्ची, तुरुंगाची जागा, वर्तमानपत्राचं पहिलं पान, या सगळ्यांवर एकाच वेळी दाब आणण्याची ती युक्ती होती आणि हिंसा त्या दाबाला भगदाड पाडते म्हणून ती वर्ज्य होती. लॉसन अहिंसेला ताकद म्हणत आणि ताकद म्हणूनच तिचा हिशोब मांडत. गोऱ्यांना बरं वाटावं म्हणून त्यांनी एकही पाऊल उचललं नाही.

नागपूरकडे वळताना आपल्याकडच्या एका सवयीपासून सावध राहायला हवं. लॉसन यांचं नाव निघालं की आपण छाती फुगवतो, भारतानं अमेरिकेला अहिंसा शिकवली. लॉसन यांच्यावर गांधींचा प्रभाव होता, हे तेच सांगत. पण ते ज्या नागपुरात राहिले त्या गावात तेव्हा आणखीही बरंच घडत होतं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५४ मध्ये शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला. १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांबद्दलचा कायदा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीनं धम्मदीक्षा घेतली. त्याआधीच लॉसन मायदेशी परतले होते.

आणि काउंटरवर बसण्याचा हक्क मागणारी ती मुलं ज्या प्रश्नाला भिडत होती, तो महाडला १९२७ मध्येच विचारला गेला होता. सार्वजनिक तळ्याचं पाणी आम्ही का प्यायचं नाही? २० मार्चला पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले कितीतरी जण होते. त्यांनी मनात आणलं असतं तर गावात रक्त सांडलं असतं. बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी हात उचलला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा हजारो जमले, पण न्यायालयाचा मनाईहुकूम आला म्हणून तळ्यावर जाणं पुढं ढकललं गेलं आणि लढा न्यायालयात नेला गेला. निकाल लागायला १९३७ उजाडलं. नाशिकला काळाराम मंदिरासाठी १९३० पासून वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला. शिस्त, तयारी, कायद्याचा अभ्यास, हे सगळं इथं होतं आणि ते अमेरिकेशी बोलतही होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. म्हणून लॉसन यांना नागपुरात आठवायचं तर दीक्षाभूमी आणि महाड बाजूला ठेवून चालणार नाही. अमेरिकेतला वंशभेद आठवून डोळे ओले करायचे आणि गावातल्या पाणवठ्याचं नाव काढायचं नाही, ही आपली फसवणूक ठरेल.

माझी मागणी साधी आहे. नागपुरात लॉसन यांच्या नावाचा रस्ता किंवा पुतळा मला नको. हिस्लॉप कॉलेज, नागपूर विद्यापीठ आणि शहरातल्या सफाई कामगारांच्या संघटना यांनी मिळून एक वर्ग चालवावा. त्यात महाडची कागदपत्रं आणि नॅशव्हिलची तालीम शेजारी शेजारी शिकवली जावी. गटारात उतरून माणसं मरण्याचं अजून थांबलेलं नाही, तेव्हा मेंफिसचा संप त्यात असावाच. खुर्च्या मांडाव्यात, भूमिका बदलाव्यात, राग कुणाला कधी आला ते विचारावं. असा वर्ग चालवणारे शिक्षक आपल्याकडे आहेत, याविषयी मला शंका नाही.

शंका आहे ती कायद्याविषयी. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं मंजूर केलं. २०२४ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं गेलं तेव्हाच्या मसुद्यात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत एक कलम होतं: प्रस्थापित कायदा आणि त्याच्या संस्था यांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा प्रचार करणं. हे कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे, सामान्य आंदोलकांनी घाबरायचं कारण नाही, असं सरकार सांगतं. पण व्हँडरबिल्टच्या विश्वस्तांनी १९६० मध्ये लॉसन यांच्यावर ठेवलेला आरोप या कलमात जवळजवळ जसाच्या तसा बसतो आणि चवदार तळ्याकडे निघालेल्या माणसांनाही तो लावता आला असता. शांततेनं, उघडपणे, शिक्षा भोगायची तयारी ठेवून अन्याय्य नियम मोडण्याचं शिक्षण या व्याख्येत येत नाही, असं सरकारनं तोंडी आश्वासनावर न भागवता कायद्यातच लिहून द्यावं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, हिस्लॉप कॉलेजपासून फार लांब नसलेल्या त्या विधानभवनात, दोन ओळींची दुरुस्ती मांडून हे करता येईल.